वरच्या रांगेतले उंदीर

ही गोष्ट मी आजवर तोंडातून बाहेर काढलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे असा त्याचा पक्का समज आहे आणि तो समज मी इतकी वर्षं मोडू दिलेला नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि तरी शेजारी येऊन बसला आहात — एवढं पुरे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी काही रडूबाई नाही. पोशेऱ्याच्या पाड्यावरून निघून मी जिथे पोचले तिथे मला कोणी उचलून ठेवलेलं नाही. माझं काम चांगलं आहे. जे लोक माझ्या कामाला नावं ठेवतात त्यांना मी दोन वाक्यांत गप्प करते, आणि तसं करताना मला मजाही येते. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते एका दबलेल्या, घाबरलेल्या बाईचं बोलणं म्हणून ऐकू नका. मी तेव्हाही दबलेली नव्हते. तीच तर अडचण आहे.

माझं काम कृमींवर आहे. गुरांच्या रक्तात राहणारा एक चपटा कृमी असतो. आमच्याकडे भाताच्या खाचरात, ओहोळाच्या कडेला बारक्या गोगलगायी असतात, त्यांच्या पोटात त्याची पिल्लं वाढतात. गुरं पाण्यात उतरली की ही पिल्लं कातडीतून आत शिरतात. आत गेल्यावर कृमी स्वतः फारसा उपद्रव करत नाही, रक्तात मुकाट राहतो. उपद्रव करतात त्याची अंडी. ती यकृतात जाऊन अडकतात आणि त्यांच्यातून प्रथिनं झिरपत राहतात. शरीर त्या प्रथिनांवर असं तुटून पडतं की प्रत्येक अंड्याभोवती गाठ धरते, गाठी घट्ट होत जातात आणि शेवटी यकृतच निबर होऊन बसतं. म्हणजे जनावर मरतं ते अर्धं अंड्याने आणि अर्धं स्वतःच्या रागाने.

आमचा प्रश्न साधा होता. तीच प्रथिनं अंड्यांतून काढून जनावराला आधीच थोडी थोडी दिली, शरीराला त्यांची सवय करून दिली, तर हा राग कमी होईल का? यकृत वाचेल का? हे आधी गुरांवर करून बघता येत नाही. पांढऱ्या उंदरांवर करतात. रीतसर परवानग्या घेऊन, नियम पाळून. उंदरांची कीव येत असेल तर येऊ द्या, मलाही येते, पण आजची गोष्ट उंदरांची नाही.

गोगलगायी ताज्या लागत, म्हणून शहरातल्या सरांनी जव्हारलाच छोटी प्रयोगशाळा थाटली होती. एसटी डेपोच्या मागच्या अंगाला, भाड्याच्या बैठ्या घरात. पुढच्या खोलीत माझं टेबल, सूक्ष्मदर्शक, फ्रीज. मागच्या खोलीत उंदीर. लोखंडी मांडणीवर पिंजऱ्यांच्या दोन रांगा — वरच्या रांगेतल्यांना अंड्यांची प्रथिनं टोचायची, खालच्या रांगेतल्यांना नुसतं मिठाचं पाणी. पुढे दोघांनाही कृमी द्यायचा आणि यकृतात काय फरक पडतो ते पाहायचं. सर अधूनमधून येत. बाकी सगळा कारभार माझा. मी तिथली राणीच होते म्हणा ना.

आणि जानी.

जानी साखरशेतची. आम्ही दोघी एकाच आश्रमशाळेतल्या. एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढलेल्या, एकाच चादरीत थंडी काढलेली. साखरशेत हे तिचं सासर; ती नववीनंतर लग्न होऊन तिकडे गेली, मी पुढे शिकत राहिले. उंदरांचं बघायला माणूस हवा झाला तेव्हा मी तिलाच बोलावलं. आपण तिच्यावर केवढे उपकार करतो आहोत असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? जानीला तसं काही वाटत नव्हतं. ती मशेरी लावत लावत यायची, गाडी चुकली की खुशाल उशिरा यायची, आणि वर मलाच विचारायची की तुझे उंदीर काय ऑफिसला जायचे होते का. एका जाड्या नराला तिने सरांचं आडनाव दिलं होतं. सर आले की ती मला "म्याडम" म्हणायची, आणि म्हणताना एक डोळा बारीक करायची. सर गेले की "कुसुम".

काम मात्र ती नेमाने करायची. पिंजऱ्यात गिरणीवरून आणलेला भाताचा तूस घालायची, तो बदलायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, ठरलेल्या गोळ्या खायला घालायची. गोळ्यांखेरीज दुसरं काही द्यायचं नाही हा नियम होता. तो तिला पटत नव्हता, पण पाळायची.

आता फ्रीजची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भात कापणीच्या सुमारास एकदा मी पोशेऱ्याला घरी गेले होते. वळवासारखा पाऊस आला, वारा सुटला, आणि जव्हारची वीज गेली ती बराच काळ आलीच नाही. मी परतले तेव्हा फ्रीजमधला बर्फ वितळून पाणी खाली सांडलं होतं. प्रथिनांची कुपी कोमट झाली होती. उजेडात धरून पाहिली — नितळ असायला हवी ती गढूळ. ते प्रथिन काढायला काय लागतं तुम्हाला सांगू? दुसऱ्या उंदरांना आधी कृमी द्या, त्यांची यकृतं काढा, त्यातून अंडी वेचा, धुवा, कुटा, गाळा. महिनोन्‌महिने जातात त्यात. ती कुपी नासली होती. मला तशी शंका आली असं मी म्हणत नाही. नासली आहे हे मला माहीत होतं.

मी ती बारीक गाळणीतून काढली. पुन्हा नितळ दिसली. गाळणीत जंतू अडकतात, जंतूंनी सोडलेलं विष अडकत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं. मलाही येत होतं. पण मला वाटलं, माझ्या हातून होतंय म्हणजे निभावेल. आजवर सगळंच निभावलं होतं की! मी वरच्या रांगेतल्या प्रत्येक उंदराला ते टोचलं, हात धुतले आणि डेपोवर जाऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी जानी नवं घेऊन आली.

आमच्याकडे नवं पीक घरात आलं की आधी ते कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, दाखवतात. मग पूर्वजांच्या नावाने ठेवतात, मग घरातली माणसं खातात. आणि माणसांबरोबर त्या छपराखाली जे जे पोसलं जातं त्यालाही त्यातलं थोडं मिळतं — बैलाला, कोंबडीला, कुत्र्याला. कोणाला वगळून नवं खायचं नाही. जानीने माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणली होती, आणि पळसाच्या पानात बांधून मूठभर नवी नाचणी.

"यांना पण," ती मागच्या खोलीकडे बोट करून म्हणाली.

मी नियम सांगितला. ती म्हणाली, तुझा नियम माहीत आहे, पण मी यांना पोसते ना? मला हसू आलं. मी दारातच भाकरी तोडत उभी होते. म्हटलं, दे, चिमूटभर, त्यांनाही सण कळू दे. तिने वरच्या रांगेत एकेका पिंजऱ्यात थोडे थोडे दाणे टाकले. मग खाली वाकली.

"खालच्यांनी काय पाप केलाय?" असं म्हणत खालच्या रांगेतही टाकले. सगळ्यांना सारखे. मी डोळ्यांनी पाहिलं. हे नीट लक्षात ठेवा.

पुढच्या दिवसांत वरच्या रांगेतले उंदीर पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसू लागले. केस विस्कटले. काही मेले. खालच्या रांगेतले तुरुतुरु पळत होते. अजून त्यांच्यातल्या कोणालाही कृमी दिलेला नव्हता. मी काय ते समजले. लपवायला वेळच उरला नव्हता, कारण सर नेमके तेव्हाच आले.

सरांनी वरच्या रांगेतला एक उंदीर उघडला, खालच्या रांगेतला एक. खालच्याचं यकृत स्वच्छ, तांबूस, चकचकीत. वरच्याचं फिकट पडलेलं, ठिकठिकाणी पिवळसर ठिपके. दोन्ही एका ताटलीत शेजारी शेजारी. जानीही बाजूला उभी राहून बघत होती, तिला असल्या गोष्टींची किळस नव्हती. सरांनी विचारलं, या दोन रांगांत फरक काय पडला?

सांगायला किती वेळ लागला असता? सर, कुपी नासली होती, मी तीच वापरली. एवढंच. सर ओरडले असते. कदाचित माझी शिष्यवृत्ती गेली असती, कदाचित नसतीही. मी तोंड उघडायच्या आत सर उठले आणि मांडणीपाशी गेले. वरच्या एका पिंजऱ्यात तुसावर त्यांना नाचणीचे तांबडे दाणे दिसले. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. खालच्या रांगेत एकही दाणा नाही.

का नाही, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. खालचे ठणठणीत होते. त्यांनी आपलं नवं पहिल्याच दिवशी फस्त केलं होतं. वरच्या आजारी जिवांची खायची वासनाच गेली होती, म्हणून त्यांचे दाणे तसेच पडून होते. मला हे एका क्षणात कळलं. माझं डोकं फार भरभर चालतं. त्याचा मला एरवी अभिमान आहे.

चार दाणे उचलून ते पुढच्या खोलीत आले आणि त्यांनी विचारलं, हे काय आहे?

मी म्हटलं, नाचणी. आणि मग मी बोलतच गेले. नवं धान्य असतं सर, नीट वाळलेलं नसतं, दमट राहिलं की बुरशी धरते, बुरशीचं विष थेट यकृतावर जातं, हे तर पुस्तकातलंच आहे. होय, पुस्तकातलंच आहे — भुईमुगाबद्दल, मक्याबद्दल. नाचणी किती टिकते हे आम्हा डोंगरातल्या पोरींना कोणी शिकवावं लागत नाही. कणगीत वर्षानुवर्षं पडून राहिली तरी तिला काही होत नाही, म्हणून तर आमची म्हातारी माणसं घरात नाचणी आहे तोवर निर्धास्त असायची. पण सर शहरातले. त्यांना नाचणी पाकिटातल्या बिस्किटापुरती ठाऊक.

मग मी जानीकडे वळले आणि विचारलं, "जानी, वरच्या पिंजऱ्यांत तू नाचणी टाकलीस ना?"

"हो म्याडम."

बघा, प्रश्नात खोटं काही नाही. उत्तरातही नाही. मी फक्त खालच्या रांगेचं विचारलं नाही. शाळेत गुरुजी ज्या हुशारीवर खूश व्हायचे, तीच ही हुशारी. जानी पुढे काहीतरी बोलायला गेली — "पण मी त—" — आणि मी म्हटलं, "जानी, तू आत जाऊन तूस बदल." ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने डोळा बारीक केला नाही. मग आत गेली. आणि दारात भाकरी खात मी "दे" म्हणाले होते, ते मी सरांना सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही. का नाही सांगितलं तिने? मला वाटतं, ते सांगायचं काम माझं आहे असं ती धरून चालली होती.

सरांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. रागावले नाहीत. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती गोष्ट. बाईने स्वतःची चूक गरीब मैत्रिणीच्या गळ्यात घातली. ते केलंच, नाही कुठे म्हणते? पण तेवढंच असतं तर मी ते केव्हाच कोणाला तरी सांगून मोकळी झाले असते. नोकरी गेल्याचं जानीला फारसं काही वाटलं नव्हतं. तिने चपला घालताना म्हटलंही, बरं झालं, आता कापणीला घरी राहता येईल. मी अजून मुद्द्याला येते आहे. येववत नाही, म्हणून फिरते आहे.

मी तिला डेपोपर्यंत पोचवायला गेले. का गेले? तिने बाहेर कुठे बोलू नये म्हणून गेले, दुसरं काय. दुपारची वेळ, साखरशेतची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी मनात वाक्य जुळवत होते — तुला दुसरीकडे कुठे कामाला लावून देते, असलं काहीतरी. जानीने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली,

"कुसुम, तो ताटलीतला काळीज पाहिला मी. पिवळा. माझे आयसचा पण आतून तसाच झाला असंल का गं?"

आमच्याकडे यकृताला काळीजच म्हणतात. जानीची आई मागच्या पावसाळ्यात काविळीने गेली होती. अंगभर पिवळी पडून, अंथरुणात. जानी माहेरी जाऊन राहिली होती तिच्या उशाशी.

"आयसला मीच भरवायची ना," जानी म्हणाली. "रोज. नाचणीचीच पेज. दुसरा काय जायचाच नाय तिला. माझेच कणगीतली नाचणी होती ती."

आता ऐका. त्या पावसाळ्यात तिच्या माहेरच्या पाड्यावर काविळीची साथ होती. विहिरीच्या पाण्याने. औषध टाकायला माणसं आली होती, कित्येक घरांत माणसं पिवळी पडली होती, ज्यांनी जानीची नाचणी कधी पाहिलीही नव्हती अशी. हे मला माहीत होतं. मी स्वतः त्या विहिरीबद्दल तेव्हा तावातावाने बोलले होते. जानीलाही हे माहीत होतं. पण मघाशी, तिच्यासमोर, तिच्या शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी ठासून सांगत होती की तिच्या नाचणीत विष आहे आणि ते थेट काळजावर जातं. जानीला नाचणी माझ्यापेक्षा कमी कळत होती का? नाही. पण तिने स्वतःच्या माहितीपेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. मीच तो ठेवायला लावला होता, इतकी वर्षं, शाळेपासून.

एक शब्द पुरला असता. "नाही."

पण "नाही" म्हटलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, मग उंदीर कशाने मेले? जानी मूर्ख नव्हती. मी हे सगळं त्या बाकावर बसून विचारपूर्वक पाहिलं, माप घेतल्यासारखं. घाबरून बोलून गेले असं झालं नाही. मी म्हटलं, "आता काय सांगता येतंय."

"म्हंजे होऊ शकतो?"

"होऊ शकतं," मी म्हटलं.

हे ते. हेच.

जानी रडली नाही. तिने आपले दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि तशीच बसून राहिली. गाडी लागली तेव्हा उठली आणि म्हणाली, "येते म्याडम." आजूबाजूला सर नव्हते. कोणीच नव्हतं. त्यानंतर तिने मला कधी नावाने हाक मारलेली नाही.

त्यानंतरचं माझं सगळं उत्तम झालं. ते लपवून काय करू? मी नव्याने अंडी वेचली, नव्याने प्रथिनं काढली, फ्रीजला बॅटरी जोडून घेतली, दुसरे उंदीर आणले. पुढे त्यांची यकृतं उघडली तेव्हा वरच्या रांगेतल्यांच्या गाठी खरोखरच लहान होत्या. आमचं म्हणणं बरोबर निघालं. ते काम खरं आहे, आजही कोणीही पडताळून पाहावं. मला जागा मिळाली, नाव मिळालं. मोखाड्याच्या शाळांतून मला भाषणाला बोलावतात आणि मी मुलींना सांगते की प्रश्न विचारायला शिका. चांगलं बोलते मी. मुली टाळ्या वाजवतात.

जानी अधूनमधून जव्हारच्या बाजारात दिसायची. "बऱ्या आहात ना म्याडम?" असं विचारायची. मी थांबायची, तिच्या लेकीची चौकशी करायची, बरोबर काही असेल तर त्या पोरीच्या हातावर ठेवायची. आणि पुढे जायची. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, आज नाही. बाजारात असलं बोलतात का? मग कुठे बोलतात? मी कधी तिच्या घरी गेले का?

गेले. एकदा गेले. गेल्या वर्षी, तिच्या मंगलचं लग्न ठरलं तेव्हा. मंगल स्वतः बोलवायला आली होती, म्हणाली, आईची मैत्रीण म्हणून तुम्ही एकट्याच आहात, लग्नाआधी एकदा जेवायला या. कसं नाही म्हणणार? मी साडी घेतली आणि साखरशेतला गेले. अंगण सारवलेलं होतं, मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. मंगल चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. जानी अंगणात मेढीजवळ बसली होती, नुसतीच.

मी चेष्टेत म्हटलं, लेक दोन दिवसांत सासरी जायची आणि अजून तीच राबते आहे होय? आईने एवढ्यापुरती तरी चूल सांभाळावी.

मंगल हसली. म्हणाली, "ती नाय चुलीला हात लावीत. मी लहान होती तेव्हापासून. पहिले बाबा रांधायचा, मंग मी शिकली. पाड्यावरचे लोक हसतात, जानीला राणीसारखा आयता लागतो म्हणून. लाकडा आणील, पाणी आणील, शेतात मरमर करील, पण कोणाला घास द्यायचा म्हटला का उठून जाते." मग भाकरी उलटत, सहज, तक्रार नसल्यासारखं म्हणाली, "माना आठवतच नाय, मी आईचे हातचा कधी खाल्ला."

मी अंगणाकडे पाहिलं. जानीला ऐकू गेलं होतं. तिने मान खाली घातली आणि लेकीला सांगितलं, म्याडमला गरम भाकरी वाढ. घरात तांदूळ होता, दुकानातला. ती भाकरी तांदळाची होती. नाचणीचं मी विचारलं नाही. शेताच्या उतारावर जिथे पूर्वी नाचणी असायची तिथे आता नुसतं गवत होतं, ते मी येतानाच पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आता तरी? आता तर सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं. मंगल पाण्याला गेली. अंगणात मी आणि जानी दोघीच. आता कुपी नाही, सर नाहीत, शिष्यवृत्ती नाही. माझं काही म्हणजे काहीही जाण्यासारखं उरलेलं नव्हतं — फार तर जानीने मला शिवी दिली असती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, नवरा मुलगा काय करतो?

जानीने सांगितलं, वाडा गावाकडे कंपनीत जातो. चांगला आहे. मी म्हटलं, छान. मग साडी दिली, आणि निघाले. जानी रस्त्यापर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिने हातात घेतली होती, कारण पाहुण्याला ओझं उचलू द्यायचं नसतं.

त्या डेपोवर मी भित्रेपणा केला असं म्हणता येईल. माझा त्याला नकार आहे. भित्रेपणा म्हणजे घाबरणं, आणि मी घाबरले नव्हते. मी हिशेब केला होता. एका पारड्यात माझी चूक उघडी पडणं, दुसऱ्यात जानीने आयुष्यभर स्वतःला आईचा जीव घेणारी समजणं. मी दोन्ही पाहिली आणि निवडलं. आणि अंगणात, जिथे एका पारड्यात काहीच उरलं नव्हतं, तिथेही तेच निवडलं, नुसत्या सवयीने. लहान होते, परिस्थिती तशी होती, वरून दडपण होतं — असलं काही मी म्हणणार नाही. त्यातलं काही खरं असलं तरी जानीच्या काय कामाचं?

जानीची आई साथीच्या काविळीने गेली. जानीच्या नाचणीने उंदीर मेला नाही की माणूस मेलं नाही. मला हे त्या दुपारी माहीत होतं, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा ती मला भेटली तेव्हा माहीत होतं. तिची लेक आईच्या हातचा एकही घास न आठवता सासरी गेली. ते मी केलं.